‘समीर’ लिहिलेली बाटली

रविवार, ३ फेब्रुवारी १९८५

सकाळी लॅबमध्ये जाऊन आले. रविवारी तिथे शांतता असते म्हणून जाते, असं सरांना सांगून ठेवलंय. शांतता बोरीवलीच्या घरीही भरपूर आहे. आई गेल्यापासून तर विचारूच नका.

उबेच्या कपाटात तीन बाटल्या शेजारी शेजारी. वैशालीच्या पेशींनी बाटली भरली. माझ्याही. तिच्या धाकट्या भावाच्या, समीरच्या मात्र वाढायचं नाव नाही. तीन आठवडे होत आले. त्वचेचा तुकडा काचेला धरून बसलाय, कडेने चार-पाच पेशी बाहेर आल्यात, त्याही मलूल. चार महिन्यांच्या बाळाच्या पेशी अशा रुसतात कशा? आणि माझ्या एक्केचाळीस वर्षांच्या पेशी बघा, कशा ऐसपैस पसरल्यात.

द्रव बदलला. परत कपाटात.

संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर दहिसरला, वैशालीकडे. त्याआधी त्यांचं दार उघडत नाही. वैशाली आठ वर्षांची, तिला ऊन सोसत नाही. तोंडभर काळे ठिपके, नाकावरची कॅन्सरची गाठ गेल्या वर्षी काढली. दुसरी कधीतरी येणार हे मला माहीत आहे. तिच्या आईलाही माहीत आहे. आम्ही त्यावर बोलत नाही.

सुरेखाने चहा पुढे करता करता नेहमीचंच विचारलं, "समीराचा काय झाला?"

"वाढतायत अजून पेशी."

"इतको येळ लागता?"

लागतो म्हटलं. वैशालीला हातचे घेऊन बेरीज शिकवली. मला मावशी म्हणते. भराभर येते बेरीज तिला.


गुरु. ७ फेब्रु.

दहिसरच्या कुटुंबाचा तक्ता कुठवर आला, सरांनी विचारलं. काढून दाखवला. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, आजारी असेल तो काळा भरायचा. दत्ताराम आणि सुरेखामध्ये दुहेरी रेघ, कारण ती त्याच्या मामाची मुलगी. तिची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. लग्नात सगळा गाव म्हणाला होता, घरातली पोर घरात आली, बरं झालं. वैशालीचा गोल काळा. समीरचा चौकोन रिकामा, आत पेन्सिलने प्रश्नचिन्ह.

सर म्हणाले, "चारात एक शक्यता आहे बाई. तुम्ही एवढं जिवाला का लावून घेता?"

शक्यता मीच शिकवते मुलांना. पण चार समीर नाहीत, एकच आहे.


रवि. १७ फेब्रु.

दहिसर. सुरेखाला पुन्हा एकदा समजावलं. उन्हाने पेशीच्या आतला धागा जागोजागी उसवतो. रोज सगळ्यांचाच उसवतो, तुमचा, माझा. पेशी तेवढा खराब भाग कापून टाकते आणि तिथे नवा विणते. वैशालीच्या पेशींना ते येत नाही. उसवलेलं तसंच राहतं, मग गाठी होतात.

"म्हणजे तिच्याकडे रफू करणारो नाय."

दहा वर्षं पेपर लिहितेय, एवढं सोपं मला एकदाही लिहिता आलं नाही.

मग म्हणाली, "आणि समीराकडे आसा की नाय, ता तुमी बाटलीत बघतलात."

"हो. त्याच्या पेशींवर उन्हासारखा दिवा टाकायचा आणि रफू होतं का ते मोजायचं. शेजारी माझ्या पेशी. चांगलं रफू कसं दिसतं ते कळायला."

"तुमचा बरा आसा?"

"माझं उत्तम आहे," म्हटलं. बऱ्याच दिवसांनी हसली.

समीरला तेल लावते आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवते. गावाकडे तेल लावलं की बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवतात. आत्याच्या प्रत्येक पत्रात तेच: पोराच्या अंगाला ऊन लागलं का, हाडं धरली का. सुरेखा पत्र मला वाचून दाखवते, घडी करते आणि डब्यात टाकते. खिडकीला काळा पडदा, मीच आणून दिलेला.

निघायला लागले तर म्हणाली, "जेवानच जावा." बांगड्याचं तिखलं. आईला कळलं असतं तर आठवडाभर अबोला धरला असता. दोन वेळा मागून घेतलं.


सोम. ११ मार्च

दत्ताराम लॅबवर आला होता. आत येईना, बाहेरच्या बाकाजवळ उभा. गिरणी सुटली तेव्हापासून मालाडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, अर्धी रजा टाकून आला.

"मॅडम, एप्रिलच्या शेवटाला गावी जायचंय. आईने नातू बघितला नाय अजून. पण आई ऐकायची नाय. किती पण सांगा, तेल लावून खळ्यात उन्हात ठेवणारच. तुम्ही बोललात चांगला हाय, तर नेतो. नायतर नाय नेत."

एप्रिलच्या मध्यापर्यंत सांगते, म्हटलं. हे बोलायला नको होतं. पेशी काय माझ्या हाताखाली नोकरीला आहेत?


शुक्र. १५ मार्च

समीरच्या बाटलीत किंचित हालचाल. मोजक्या पेशी, पण आहेत. सोडवून नव्या बाटलीत घातल्या. माझ्याही आजच सोडवायच्या होत्या.

आमचा नियम: टेबलावर एका वेळी एकाच माणसाच्या पेशी. झालं की टेबल पुसायचं, पिपेट बदलायची, द्रवाची बाटली नवी घ्यायची, मग दुसरा माणूस. नव्या मुलांना मीच बडबडते, दोन बायकांची बाळं एका टबात घालू नका म्हणून. आज अकराला टेबल दुसऱ्यांना द्यायचं होतं आणि द्रवाची एकच बाटली तयार होती. आधी माझ्या, मग समीरच्या, एका बैठकीत उरकल्या. काळजी घेतली.


मंगळ. २६ मार्च

झकास. समीरची बाटली भरत आली. दोन महिने ताटकळत ठेवलं आणि आता अकरा दिवसांत ही धाव. लबाड कुठला. सरांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "तुमचा हात लागला."

घरी येताना बाजारातून उगाचच आंबोळीचं पीठ घेतलं. एकटीला कोण आंबोळ्या घालतं? घातल्या. पहिली चिकटली, बाकीच्या बऱ्या झाल्या.


शनि. ३० मार्च

दिवा टाकून झाला, नंतर किरणोत्सारी रसायनही दिलं. पेशीने रफू केलं तर ते त्या नव्या धाग्यात विणलं जातं. आज अंधाऱ्या खोलीत काचपट्ट्या एक एक करून फोटोच्या द्रवात बुडवल्या. सगळं चाचपडत करायचं. पट्ट्या काळ्या पेटीत, पेटी फ्रिजमध्ये. दहा दिवस. रफू झालं असेल तिथे काळे कण उमटतील.

पट्ट्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे. कोणता आकडा कोणाचा ते सरांच्या पाकिटात बंद. मोजणाऱ्याला माहीत असलं तर डोळा हवं ते बघतो.


बुध. १० एप्रिल

पट्ट्या धुतल्या, सकाळपासून मोजतेय. एका आकड्याच्या पट्ट्यांवर जवळजवळ काहीच नाही, केंद्रकं कोरी. ती वैशाली, हे पाकिटाशिवाय कळतं. उरलेल्या दोन्हींवर कणच कण. दोन्ही. तरी तिसऱ्यांदा मोजले.

चार वाजता सरांनी पाकीट फोडलं. समीर ठणठणीत. त्याच्या कणांचा आकडा आणि माझ्या कणांचा आकडा जवळजवळ एकच.

बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन थेट दहिसर. आज सूर्य बुडायची वाट नाही बघितली. दार वाजवलं तर आतून घाबरून "कोण?" मी म्हटलं, मी, पडद्यामागूनच ऐका. समीर चांगला आहे.

आतून वैशालीचा आवाज: "आई रडता." इतकं चांगलं मी आजवर कोणालाच काही सांगितलेलं नाही. आमच्या कामात सांगायचं ते बहुतेक वाईटच असतं.


रवि. १४ एप्रिल

सकाळी साडेसातलाच बोलावलं होतं. चाळीच्या गॅलरीत पूर्वेकडून ऊन येतं. सुरेखाने समीरला पायांवर घेऊन तेल चोळलं, गोधडी घातली आणि उन्हात ठेवलं. आयुष्यातलं पहिलं ऊन. डोळे बारीक केले, शिंकला, मग मुठी उघडून निवांत पडला. शेजारच्या बायका जमल्या. एकीने माझ्याही हातावर साखर ठेवली.

वैशाली आत, पडद्यामागे. "मावशी, तो रडत नाय?"

"नाही."

"त्याला टोचत नाय?"

"नाही गं."

आत जाऊन तिच्याशी पत्ते खेळले. तिला जिंकू दिलं नाही, तिला ते लगेच कळतं.


शनि. २७ एप्रिल

काल सगळे गावी गेले. वैशालीसाठी रात्रीची एसटी. संध्याकाळी स्टँडवर पोचवायला गेले होते. दत्ताराम दोन आठवड्यांत परतेल, बाकीचे जूनमध्ये. सुरेखा खिडकीतून म्हणाली, आत्येक सांगतलंय, बाईंनी वाचवला म्हणान. मी कुठे वाचवलं? तो चांगलाच होता. पण ऐकायला आवडलं, खोटं कशाला लिहू.


रवि. २८ एप्रिल

रविवार. कपाट आवरलं. आईच्या साड्या काढून परत तशाच ठेवल्या.


सोम. ६ मे

सरांना भाषणासाठी फोटो हवेत. दिवा न टाकलेल्या पट्ट्यांचेही. त्यांवर कण नसतात, नुसती रंगवलेली केंद्रकं, एरवी त्यांच्याकडे कोण निरखून बघतं. समीरची पट्टी लावली. चांगली जागा शोधत होते. एका केंद्रकाच्या कडेला गडद ठिपका. असेल काहीतरी. शेजारच्यातही. पुढच्यातही. प्रत्येकात नाही, पण पुष्कळांत, तिथेच, अगदी कडेला चिकटून.

हा ठिपका मी बी.एस्सी.च्या मुलींना दाखवते. गालाच्या आतून पेशी खरवडून घ्यायला लावते. मुलींच्या पेशींत दिसतो, मुलांच्या नाही. बाईकडे दोन एक्स असतात, त्यातलं एक गुंडाळून कडेला ठेवलेलं असतं. तो ठिपका ते.

समीर मुलगा आहे.

पट्टीवरचा आकडा बघितला. पाकीट बघितलं. वहीत १५ मार्च बघितला.


मंगळ. ७ मे

खास त्या ठिपक्याचा रंग करून ताज्या पेशी बघितल्या. उरलीसुरली आशा होती ती गेली. समीरच्या बाटलीत समीर नाही. बाई आहे. वैशाली असती तर कण उमटले नसते. म्हणजे मी.

त्याच्या मूठभर पेशी. एका द्रवात माझी पिपेट बुडवली, त्यातून माझ्या पेशी त्याच्या बाटलीत गेल्या असणार आणि त्याच्या बिचाऱ्या मागे पडल्या. म्हणून अकरा दिवसांत ती धाव. म्हणून कणांचा आकडा एकसारखा. इतका सारखा होता की शंका यायला हवी होती. मी बाथरूममध्ये रडत होते.

ठणठणीत निघाले ती मी. त्याचं नाव लावून मी वाढत होते आणि कौतुक करत होते.

सरांना सांगितलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग: "म्हणजे वाईट निघाला असं नाही. कळलं नाही, एवढंच. चारात तीन शक्यता तो चांगलाच आहे. जूनमध्ये येतील तेव्हा 'एकदा खात्री करू' म्हणून पुन्हा तुकडा घ्या. उगाच आत्ता गावभर हाय खायला लावू नका. आणि भाषणाचा सारांश मी पाठवून दिलाय."

"तिकडे आजी रोज त्याला उन्हात ठेवते सर. मे महिन्यात."

"महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

ते वाईट माणूस नाहीत. मलाही क्षणभर पटलंच. तो क्षण इथे लिहून ठेवते.


बुध. ८ मे

पोस्टात तार केली. "समीरला उन्हात नेऊ नये. आधीचा निकाल चुकला. पत्र मागाहून." खिडकीतला माणूस म्हणाला, "चुकला की चुकीचा?" काहीही लिहा म्हटलं.

पत्र लिहायला चार तास लागले. पहिल्या खेपेला "तांत्रिक कारणामुळे" असं लिहिलं होतं. फाडलं. दुसऱ्या खेपेला: माझ्या हातून माझ्याच पेशी समीरच्या बाटलीत गेल्या, चूक माझी आहे, समीर आजारी आहे असं अजिबात नाही, पण चांगला आहे असं मी सांगायला नको होतं. एवढं सरळ पान, तरी सुरेखाला कोण वाचून दाखवेल या विचाराने पुन्हा एकदा सोपं केलं. मग आठवलं, तिला वाचता येतं, आत्याची पत्रं मला तीच वाचून दाखवते. माझं डोकं ठिकाणावर नाही.


गुरु. १६ मे

काही उत्तर नाही. तार पोचली नसेल. पोचली असेल.

वैशालीच्या त्वचेबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं मला रोज सकाळी साडेसातला आठवतं. उन्हाचा प्रत्येक दिवस मोजला जातो. ठिपके लगेच येत नाहीत, वर्षा-दोन वर्षांनी येतात.

स्वतःला विचारलं, घाई का केली. टेबल अकराला द्यायचं होतं हे खरं. पण दुपारी परत मिळालं असतं, उद्याही मिळालं असतं. खरं कारण, मला त्या दारात जाऊन चांगलं सांगायचं होतं. बोरीवलीत माझी कोणी वाट बघत नाही. लॅबमध्ये वेळेवर पोचले काय, न पोचले काय. दहिसरला सूर्य बुडाला की एक दार उघडतं आणि त्यातली माणसं म्हणतात, आल्या. त्यासाठी मी एका पोराला उन्हात ठेवलं. याहून वेगळ्या शब्दात लिहिता येत नाही.


सोम. २० मे

संध्याकाळी दत्ताराम घरी आला. पत्ता विचारत विचारत. पहिल्यांदाच. खुर्चीवर बसला नाही, चहाला नको म्हणाला.

तार तिसऱ्या दिवशी पोचली. दारात तारवाला बघून आजीने तोंडाला पदर लावला, मुंबईत कोणीतरी गेलं म्हणून. आजीने बोलावलेल्या शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवली. समीर तेव्हा खळ्यात होता, तेल लावलेला. सुरेखाने त्याला उचललं ते माजघरात, आणि कडी लावून घेतली. जेवायलाही बाहेर येईना. आजी म्हणते मी माझ्या हाताने नातवाला भाजला. आता सगळं घर एकमेकांशी बोलत नाही.

मी म्हटलं, तुमचा राग रास्त आहे. जूनमध्ये आणा, पुन्हा तुकडा घेऊ, या वेळी मी हात लावणार नाही, दुसरे करतील.

"नको मॅडम. आता कातडी काढायची नाय पोराची. वैशूसारखा घरात वाढवू. झालं."

"अहो, पण तो चांगला असला तर? तीन भाग शक्यता चांगलीच आहे. मग उगाच जन्मभर अंधारात..."

"आणि परत चुकलात तर?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दारात म्हणाला, "आमी तुमच्यावर भरवसा ठेवला होता." चपला घालायला त्याला वेळ लागला. मी तशीच उभी.


मंगळ. २१ मे

आधी वाटलं होतं माझ्या चुकीने आजारी पोर उन्हात गेलं असेल. आता त्याहून शक्य दिसतंय ते असं की चांगलं पोर अंधारात जाईल.


शुक्र. २४ मे

सरांच्या टेबलावर लेखी ठेवलं: दहिसर कुटुंबातल्या मुलाचा निकाल रद्द, सारांशातून काढावा, कारण अमुक, जबाबदार मी. सर म्हणाले, "सगळं लिहायची गरज होती का?" मग सही केली. नंतर स्वतःच येऊन सांगून गेले की त्यांच्या हातून एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी... वाक्य पुरं केलं नाही.

समीर लिहिलेली बाटली उकळून टाकली. माझीही.


रवि. ९ जून

कळलं की परत आलेत. सूर्य बुडल्यावर गेले. दार उघडलं. "आल्या" कोणी म्हणालं नाही. सुरेखाने पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही, ते बरोबरच आहे.

समीर आठ महिन्यांचा झाला. बसतो. मानेवर पुरळ. घामोळं असेल. नसेलही. मी निरखून बघतेय हे सुरेखाच्या लक्षात आलं, तिने त्याचं झबलं वर ओढलं.

मी माझ्या तोंडाने सगळं पुन्हा सांगितलं. माफी मागितली. ती खाली बघून तांदूळ निवडत राहिली.

वैशालीने मला गोधडीवरची जागा दाखवली. तिची आणि समीरची शेजारी शेजारी. "मावशी, आता तो पण माझ्यासारखा. मोठा झाला की आमी दोघं दुपारचे खेळू. मला कोण नव्हतं ना दुपारचं." इतकी खूश होती. दोघांसाठी तिने पत्तेही वाटून ठेवले होते, त्याच्या वाट्याचे त्याने चावले.

सुरेखाचे हात तांदळात थांबले होते. मी फार वेळ बसले नाही.


रवि. १६ जून

गेले नाही. तोंड नव्हतं. संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले. कोणीतरी कोणालातरी जेवायला हाका मारत होतं.


मंगळ. १८ जून

अकराच्या सुमारास शिपाई आला, बाहेर एक बाई बसलीय, तुमचं नाव घेतेय. सुरेखा. दहिसरहून अंधेरीला एकटी, आयुष्यात पहिल्यांदा. समीर दुहेरी पदरात गुंडाळलेला, वरून छत्री. घामाघूम.

"ह्यांका सांगूक नाय. राती सांगतलंय."

मी म्हटलं, आधी त्यांना विचारा, मग करू. तर म्हणाली, त्यांनी वैशालीच्या वेळीही मलाच पुढे केलं होतं, सही माझीच आहे, आजही मीच करते. बाकावर बसली आणि बाळाचा दंड मोकळा केला.

"कित्याक इलात?" का आलात ते मी तिच्या बोलीत विचारलं, चुकतमाकत.

"चेडवाक, आमच्या वैशूक, बरा वाटता. भाव आपल्यावांगडा काळोखात ऱ्हवतलो म्हणान रोज देवाक सांगता. आयकान माका भिया वाटला." थोड्या वेळाने, "आजार आसात तर आसात. पण नसात तर तेका बांधून कशाक घालू?"

त्वचेच्या डॉक्टरांना बोलावलं. तुकडा त्यांनी घेतला. समीर रडला, तिने पदराआड घेतलं, गप्प झाला. बाटलीवर नाव मी घातलं नाही. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या माणसाने. तुलनेला या वेळी एका पुरुषाच्या पेशी, ठिपका तपासून. मी काचेतून बघत होते. सुरेखाही बघत होती, माझ्या शेजारी उभी राहून. मी तिला एक एक सांगत गेले, आता हे धुतायत, आता पिपेट फेकली, नवी घेतली. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. पिपेट फेकली तेव्हा एकदा माझ्याकडे बघितलं.

सहा आठवडे लागतील म्हटलं. जास्तही. या वेळी तारीख सांगणार नाही.

"सांगा नको," म्हणाली.

फाटकापर्यंत सोडायला गेले. आभाळ भरलेलं होतं, तरी तिने छत्री उघडली. बसची वाट बघत उभ्या होतो. मधेच, रस्त्याकडे बघतच, विचारलं, "आजारी निघालो, तर तुमी येतलात मा आमच्याकडे? आयतवारचे?"

"येईन," मी लगेच म्हटलं.

"आणि बरो निघालो तर?"

तिने थोडा वेळ माझ्या उत्तराची वाट बघितली. मग बस आली, समीरच्या तोंडावर पदर ओढून ती चढली.